दुहेरी आयुष्य जगणारा खुनी खेड्यातल्या लघुपटात कसा दाखवायचा?

झाडीचा_पोट्टा
सिंदेवाहीकडं वीस मिनिटांचा थरारपट करून रायलो. नायक दिवसा कृषी केंद्र चालवते, भजनात टाळ धरते अन् रात्री खून करते. कॅमेरा म्हणजे मोबाइल. पाचव्या मिनिटालेच लोकायले खुनी कळते. रात्रीचे शॉट दाणेदार येतात, ट्यूबलाइटखाली पट्टे दिसतात. रक्त कशाचं करावं, तेही सांगा राजेहो.

वऱ्हाडी_संकलक
आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळं शटर जुळलं नाही की पट्टे येतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं ठरवता येतात) सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे येतात) ८०० च्या आत. एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे चित्राचा उजेड मधेच आपोआप कमीजास्त होत नाही.

रात्र हवी म्हणून रात्री शूट करू नका. सूर्य बुडाल्यावर निळसर उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो, बाहेरचे शॉट त्यातच उरका. तालीम दुपारीच झालेली पाहिजे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा तोल) ३२०० केल्विन ठेवून चौकटीत एक पिवळा बल्ब लावा: आभाळ निळं उतरतं, बल्ब जसाच्या तसा दिसतो. आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करा. नाहीतर दर कटला रातकिडे दचकल्यासारखे थांबतात.

पटकथा_वर्धा
भाऊ, खुनी कळला तर कळू द्या. प्रेक्षकाला माहीत आहे अन् बायकोला नाही, यात जास्त ताण आहे. खटकतं ते त्याचं रोखून पाहणं आणि मागचं भेसूर संगीत. दोन्ही काढा.

अमेरिकेतला डेनिस रेडर आठवा. १९७४ ते १९९१ मध्ये दहा खून. इकडे बायको, दोन मुलं, चर्चच्या मंडळाचं अध्यक्षपद. २००५ मध्ये पकडला गेला तो त्यानंच पाठवलेल्या फ्लॉपीमुळं. फ्लॉपी म्हणजे संगणकाची जुनी डिस्क; तिच्यातल्या फाइलच्या लपलेल्या नोंदीत चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ असं होतं. सभ्य आयुष्यातल्या वस्तूनंच त्याला उघडं पाडलं. तुमच्या नायकाकडं उधारीची वही आहे. मेलेल्या माणसाची बाकी त्यानं खुनाच्या दुसऱ्या दिवशीच खोडलेली असू द्या, प्रेताचा पत्ता गावाला लागायच्या आधी. पण ती वही पहिल्या दोन मिनिटांत सहज दिसली पाहिजे, हिशेब करताना. शेवटी अचानक काढली तर फसवणूक वाटते.

कृषी केंद्र आहे म्हणून फवारणीच्या औषधानं खून दाखवू नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर गेले. ते दुःख इथं अजून ताजं आहे.

रंगपट_भंडारा
रक्त साखरेच्या पाकाचं नको, मुंग्या-माश्या येतात अन् प्रेत हलतं. एक वाटी पाण्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर थंडच कालवून उकळा, पारदर्शक झालं की उतरवा. निवल्यावर खायचा लाल रंग एक छोटा चमचा, कोको पावडर अर्धा. कोको नसला तर शरबतासारखं दिसते. दुसऱ्या दिवशी आंबतं, म्हणून रोज ताजं करा. रंग कपड्यातून निघत नाही, तेव्हा एकसारखे दोन शर्ट घ्या.

शूटिंगची तारीख-वेळ ठाणेदार अन् पोलीस पाटलांना लेखी द्या. अंधारात विळा घेऊन धावणारा माणूस पाहून कोणीही ११२ लावेल.