विषय: अमेरिकेतली शेगडी गोव्यात कुठल्या गॅसवर चालवावी?

नमस्कार मंडळी,
दिवाळीनंतर न्यू जर्सी सोडून आम्ही कायमचे पर्वरीला येतोय. सामानात चार बर्नरची ओव्हनवाली शेगडी आहे, इथे ती पाइपच्या नॅचरल गॅसवर चालते. कॅम्पर व्हॅनसाठी प्रोपेनवरची दोन बर्नरची शेगडीही घेतली आहे. दोन्हींना तिथला सिलिंडर थेट लावता येईल का?

*

दादा, घरची शेगडी थेट अजिबात लावू नका. आधी सोसायटीत पाइपलाइन आली आहे का विचारा. गोव्यात काही भागांत आली आहे, सगळीकडे नाही. सिलिंडरच असेल तर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची टोकं, बदलावेच लागतील. तेवढ्याच आकारमानाचा एलपीजी नॅचरल गॅसच्या अडीचपटीहून जास्त उष्णता देतो, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक असतं. मोठ्या भोकातून तो सोडला की ज्योत पिवळी होऊन उसळते, भांड्यांची बुडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. खरी भीती त्याची.

बऱ्याच अमेरिकन शेगड्यांबरोबर एलपीचे (म्हणजे एलपीजीचे) जेट येतात, ती पुडी शोधून ठेवा. शेगडीतला रेग्युलेटरही एलपीवर फिरवावा लागतो. वरचे चार जेट बदलून लोक ओव्हनचा विसरतात, तो विसरू नका. ओव्हनला 120 व्होल्ट लागतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आलाच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा शेगडी तिथेच विकून इथली घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॅनचं सोपं आहे. तिकडची प्रोपेनची शेगडी साधारण 27 मिलिबार दाबावर चालते, आपला घरगुती रेग्युलेटर 30 च्या आसपास देतो. आपल्या सिलिंडरात ब्युटेन जास्त, त्यामुळे ज्योतीचं टोक पिवळं दिसलं तर मेकॅनिककडून हवेची झडप जुळवून घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर मात्र इथलाच हवा, तिकडचा आपल्या व्हॉल्व्हवर बसत नाही.

— फोंडा

*

दादा, व्हॅनमध्ये 5 किलोचा सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला ठेवा, गाडी चालताना बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. वरच्या खिडकीवर विसंबू नका. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी आणि गॅसगळतीचा डिटेक्टर जमिनीलगत.

पावसाळाभर व्हॅन उभी राहिली तर बर्नरच्या नळीत बॅटरी मारून बघा. आमच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, ज्योत नुसती लपलपत होती. मऊ ब्रशने साफ करा. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं.

— म्हापसा

*

ताई, थंडीत हिमाचलला न्यायची झाली तर?

*

तिथे अडचण येते. शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही, चहालासुद्धा ज्योत पुरत नाही. कर्नाटक-महाराष्ट्रात फिरायला हरकत नाही. आणि गळतीच्या मदतीचा 1906 हा नंबर व्हॅनमध्ये चिकटवून ठेवा.