मदत हवी आहे: जुन्या यामाहाला पल्सरचे मागचे शॉकअप बसत नाहीयेत, रविवारच्या आत पाहिजे

गाडी_उघडीच
मंडळी, अडकलोय. पल्सरचे गॅसवाले शॉकअप घेतले, जोडी, सेकंडहँड पण चकाचक. वर बसले. खाली पिनवर सैल होतायत, हाताने खटखट हलतात. मेस्त्री म्हणतो पत्रा गुंडाळून बसवू. शिवाय डबल स्टँडला लावली की मागचं चाक जमिनीला टेकतंय, ते वेगळंच. रविवारी पाटणला लग्न आहे, कराडहून हीच गाडी घेऊन जायचंय. कृपया "ओरिजिनल घ्या" असले सल्ले नकोत. ज्यांनी बसवलेत त्यांनीच सांगा, खालच्या भोकात बुश (पिनवर बसणारी रबर-लोखंडाची नळी) कुठला लागेल?

खडखडाट
कोणती यामाहा? कोणती पल्सर? यामाहा म्हटलं की आरएक्सपासून आर15 पर्यंत सगळं आलं.

गाडी_उघडीच
आरएक्स 100 च की राव, जुनी म्हटल्यावर अजून कोणती. 93 ची. पल्सर कोणती ते दुकानदाराने सांगितलं नाही. लाल स्प्रिंग आहे, बाजूला डबा आहे.

वेगवान_वाघ्या
एनएस 200 चे असतील. भारी असतात, बिनधास्त बसव.

खडखडाट
एनएसला मागे एकच शॉकअप असतो, मधोमध. जोडी कुठून आणणार, दोन गाड्या फोडून? जोडी आणि डबा म्हणजे 150, 180, 220 वगैरे. आणि 2001 च्या पहिल्या पल्सरचे नाहीत, तिला साधेच होते, गॅसचे नंतर आले.

टूस्ट्रोक_काका
धागाकर्ते, मुळात शॉकअप बदलायची वेळ का आली? तेल गळत होतं? खड्ड्यात आपटत होती? वळणावर डुलत होती? तिन्हींची औषधं वेगळी आहेत. माझ्याकडे 89 ची आहे, अजून पहिल्याच इंजिनावर, म्हणून विचारतो.

गाडी_उघडीच
काका, शॉकअप 30 वर्षांचे होते, बदलायचेच होते. वळणावर मागून शेपूट हलवते, तेल वगैरे गळत नव्हतं. पण प्रश्न तो नाहीये, प्रश्न बुशचा आहे.

माप_आधी
बुशचं सांगतो. मी एका जुन्या गाडीला असला उद्योग केलाय. पत्रा अजिबात गुंडाळू नको. दोन दिवसांत चेपतो आणि पिनच खायला लागतो. व्हर्नियरने पिनचा बाहेरचा व्यास घे, बुशच्या आतल्या लोखंडी नळीचा आतला व्यास घे, आणि मधली जागा भरणारी स्लीव्ह लेथवाल्याकडून वळवून घे, लोखंडाचीच. अर्ध्या तासाचं काम आहे. आता खरी मेख ऐक: स्लीव्हची लांबी नळीपेक्षा केसभर कमी ठेवायची. नट आवळला की वॉशरने नळी गच्च धरली गेली पाहिजे, म्हणजे हालचाल होते ती रबर पिळून. स्लीव्ह लांब झाली तर वॉशर स्लीव्हवर टेकतो, नळी मोकळी राहते आणि तिच्यावर गरगर फिरते. मग महिन्याभरात भोक अंड्यासारखं.

त्याहून सोपं म्हणजे तुझ्या जुन्या शॉकअपचे खालचे बुश प्रेसवर काढून यात बसतात का बघणं. बाहेरचा व्यास जुळला तर लेथसुद्धा नको.

गाडी_उघडीच
जुने शॉकअप भंगारात दिले.

माप_आधी
कधी?

गाडी_उघडीच
काल. जागा अडत होती. घरमालक रोज बोलतोय पार्किंगमध्ये गाडी उघडी पडलीय म्हणून.

खडखडाट
नवीन बसायच्या आधी जुने भंगारात! धन्य आहात.

नळस्टॉपचा_न्या
बुश लोखंडाचा नको, नायलॉनचा कर. आवाज येत नाही, गंजत नाही. मी बुलेटला केलेत.

माप_आधी
बुलेटला कुठे केलेत, चिमट्याला (मागचं चाक धरतो तो) की शॉकअपला? शॉकअपला घातला आणि नट त्याच्यावर आवळला गेला तर नायलॉन चेपतो आणि नट ढिला पडत जातो.

नळस्टॉपचा_न्या
माझा दोन वर्षांत पडला नाही. तुमची थिअरी तुमच्यापाशी.

एमएच_11
त्याआधी पासिंगचं बघा. 15 वर्षांवरची गाडी दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागते. इन्स्पेक्टरने बघितलं तर मॉडिफिकेशन म्हणून परत पाठवेल. मोटार वाहन कायदा, कलम 52.

खडखडाट
कलम 52 आरसीवर नोंदलेले तपशील बदलण्याबद्दल आहे. आरसीवर शॉकअप कुठे लिहिलेला असतो?

एमएच_11
व्हीलबेस लिहिलेला असतो. शॉकअप लांब बसवला की चिमटा खाली जातो आणि व्हीलबेस बदलतो.

खडखडाट
चार-पाच मिलिमीटर! इन्स्पेक्टर टेप घेऊन आडवा झोपणार आहे का?

वेगवान_वाघ्या
आरएक्सला कोणतं टूटी ऑइल घालता सगळे? माझी फार धूर करते.

टूस्ट्रोक_काका
वाघ्या, वेगळा धागा काढ. धाग्याच्या मालकांनी लिहिलंय की डबल स्टँडवर मागचं चाक टेकतंय, आणि त्यावर कोणीच बोलत नाही. सगळे बुशमध्ये रुतलेत. त्याचा अर्थ नवे शॉकअप लांब आहेत. वरच्या बुशच्या मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत किती भरतात? मूळचे किती होते?

गाडी_उघडीच
नवे आत्ता मोजले. जुने मोजले नव्हते, पण शेजारच्याची आरएक्स आहे तिचे मोजले. नवे पावणेदोन सेंटीमीटरने जास्त. एवढ्याने काय होतंय?

टूस्ट्रोक_काका
बरंच होतं. मागून गाडी उचलली गेली की पुढचा फोर्क उभा होतो, हँडल हलकं आणि चंचल लागतं. वळणावर आधीच डुलते म्हणताय, तिथे हे नको. साईड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलते. आणि चेन. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. चिमटा खाली लोंबत असताना चेन बरोबर लावली, तर दोघं बसल्यावर ती वीणेच्या तारेसारखी ताणते. म्हणून लावताना कोणालातरी सीटवर बसवून ढील बघा. मागचा ब्रेकही परत सेट करावा लागेल.

अजून एक. आरएक्सचं वजन साधारण 100 किलो, पल्सर 220 चं 150 च्या आसपास. त्या वजनासाठी केलेली स्प्रिंग तुमच्या गाडीला काठीसारखी लागणार. एकटे बसलात तर कंबर सांगेल.

वेगवान_वाघ्या
काका, त्या शॉकअपला स्प्रिंग सेट करायला पाच खाचा असतात. पहिल्या खाचेवर ठेवायचं, लोण्यासारखा होतो.

टूस्ट्रोक_काका
खाच फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही रे. तिला एक सेंटीमीटर दाबायला जेवढं वजन लागतं तेवढंच लागतं. बदलते ती गाडीची उंची, वजन बसल्यावर किती खाली येते ते. मोजून बघायचं असेल तर मागचं चाक अधांतरी ठेवून अ‍ॅक्सलपासून मडगार्डच्या एका खुणेपर्यंत माप घे, मग गाडी चाकांवर घेऊन बस आणि परत घे. एकूण जितकी हालचाल होऊ शकते तिचा तिसरा हिस्सा बसताक्षणी दबला पाहिजे. पहिल्या खाचेवरही जेमतेम बोटभर दबली तर स्प्रिंग कडक आहे.

नळस्टॉपचा_न्या
स्प्रिंग कडक वाटली तर खोलून जुनी स्प्रिंग घालायची, हाकानाका.

माप_आधी
डब्यात दाबाखाली नायट्रोजन असतो. कोणी वाचून खोलायला बसेल, म्हणून लिहितोय: त्या डब्याला पाना, ड्रिल, वेल्डिंग काही लावू नका. स्प्रिंग नुसती काढायलासुद्धा ती दाबायचा शिकंजा लागतो. आणि जुनी स्प्रिंग आहे कुठे? भंगारात.

राजदूतवाला
हे सगळं वाचून आमचा राजदूत आठवला. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये वडील, टाकीवर मी. शॉकअप होते की नव्हते कळायचंच नाही, पण गाडी कधी थांबली नाही.

खडखडाट
थांबायची नाही कारण ब्रेक लागायचा नाही.

टूस्ट्रोक_काका
धागाकर्ते, एक काम करा, पैसे लागत नाहीत. गाडी डबल स्टँडला आहेच. पुढून कोणीतरी घट्ट धरा, तुम्ही मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं डावी-उजवीकडे हलवा. शॉकअप खालून सोडलेले असतील तर उत्तमच.

गाडी_उघडीच
केलं. हलतंय. चाक नाही, पूर्ण चिमटाच कटकट हलतोय. बोटाने जाणवतंय.

टूस्ट्रोक_काका
मग शेपूट त्यामुळे हलत होती. चिमट्याचे बुश गेलेत. शॉकअप विमानाचे बसवले असते तरी वळणावर डुललीच असती. पिन काढा, तिच्यावर पायरी पडली असेल तर पिनही बदला. बुश कराडात मिळतील, नाहीतर लेथवाला आहेच. बसवताना ग्रीस भरा.

गाडी_उघडीच
म्हणजे शॉकअप बदलायची गरजच नव्हती?

खडखडाट
तेल गळत नव्हतं असं तुम्हीच लिहिलंय वर.

एमएच_11
पासिंगलाही अडचण नाही आता.

गाडी_उघडीच (शनिवार रात्री)
अपडेट. पिन चांगलीच झिजली होती, नवीन घातली, बुश घातले. भंगारवाल्याकडे जुने शॉकअप अजून होते, पोत्याच्या तळाशी. धुतले, तेच बसवले. घाटातल्या वळणांपर्यंत जाऊन आलो, शेपूट शांत आहे. खड्ड्यात थोडी आपटते, ते नंतर बघतो. पल्सरचे विकायचेत, कोणाला हवे असतील तर सांगा. कोणत्या पल्सरचे ते मात्र विचारू नका.

राजदूतवाला
भंगारवाल्याने कितीला परत दिले?

गाडी_उघडीच
वजनावर 120 ला दिले होते. 500 ला घेतले.

नळस्टॉपचा_न्या
नायलॉनचे बुश घातले का चिमट्याला?