इटालियन ढंगाचे हसरे चित्रपट: कुठे, कोणाबरोबर पाहिलेत?

धागाकर्ती:
इटलीत बनलेले, इटलीत घडणारे किंवा परदेशातल्या इटालियन घरातले, कुठलेही चालतील. हलकेफुलके मात्र हवेत. परीक्षण नको, आपापला अनुभव लिहा. साठ वर्षं जुन्या चित्रपटाचा शेवट फोडलात तर कोणी रागावणार नाही.

माझ्यापासून सुरुवात. मारिओ मोनिचेल्लीचा १९५८ सालचा 'इ सोलिती इन्योती', इंग्रजी नाव 'बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट'. फिल्म सोसायटीत पाहिला. शेजारी दरोडेपटांचे भक्त असलेले एक काका. इथली टोळी कशी, तर एक तोतरा बॉक्सर, एकाची बायको चोरट्या सिगारेटी विकल्याबद्दल तुरुंगात, म्हणून तान्हं बाळ याच्या कडेवर (आणि हा मार्चेल्लो मास्त्रोयानी!), एक बहिणीला घरात कोंडून ठेवणारा सिसिलियन. तिजोरी फोडायची शिकवणी विनोदवीर तोतो घेतो, तीही गच्चीवर. शेवटी तिजोरीकडे जायला शेजारच्या घरात शिरून भिंत फोडतात ती भलतीच, पलीकडे त्याच घराचं स्वयंपाकघर! मग काय, चणे घातलेला पास्ता सापडतो तो खात बसतात. "अहो, काय चाललंय यांचं!" म्हणून चुळबुळणारे काका इथे एवढे हसले की पुढची रांग वळून बघायला लागली. हाती काही लागलं नाही तरी जेवण चुकवायचं नाही, हा या लोकांचा बाणा मला फार आवडतो.

बोरिवलीकर:
'रोमन हॉलिडे' (१९५३) हॉलिवूडचा, पण चित्रीकरण रोममध्येच झालेलं, म्हणून चालवून घ्या. खोटारड्याचा हात चावतं म्हणतात त्या दगडी तोंडात ग्रेगरी पेक हात घालतो आणि बाहीत लपवून बाहेर काढतो. ऑड्री हेपबर्नला आधी काही सांगितलं नव्हतं, ती किंकाळी खरी आहे. सहलीला गेलो तेव्हा सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चबाहेर फोटोसाठी ही रांग! आमच्या सासूबाईंनी हात पदरात लपवून असा काही आरडाओरडा केला की मागची कोरियन मंडळी खरोखर धावून आली.

कोर्टाची पायरी:
मी वकील. त्यामुळे मला पिएत्रो जेर्मीचा 'डिव्होर्स इटालियन स्टाइल' (१९६१) हलकाफुलका म्हणवत नाही, तरी हसून मुरकुंडी वळली हेही खरं. सिसिलीतल्या उमरावाला बायको नकोशी झालीय, पण घटस्फोटाचा कायदाच नाही. तो इटलीत १९७० साली आला. मात्र बायकोला परपुरुषाबरोबर पकडून रागाच्या भरात मारलं तर दंडसंहितेच्या कलम ५८७ खाली शिक्षा अगदी किरकोळ. म्हणून हा गृहस्थ बायकोसाठी स्वतःच प्रियकर शोधायला निघतो! खटल्यात आपला वकील काय भाषण ठोकेल तेही मनातल्या मनात ऐकत असतो. ते कलम रद्द व्हायला १९८१ उजाडलं. मी यजमानांबरोबर पाहत होते. ते मध्येच म्हणाले, "तू जरा जास्तच लक्ष देऊन बघतेयस."
याच पठडीतला दे सिकाचा 'येस्टर्डे, टुडे अँड टुमॉरो' (१९६३). त्यातल्या पहिल्या गोष्टीत नेपल्सची सोफिया लॉरेन चोरट्या सिगारेटी विकते. गरोदर बाईला कोठडीत टाकता येत नाही, म्हणून पोलीस आले की पोट पुढे. बाई दमत नाही, नवरा दमतो. कायद्याच्या वर्गात दाखवावा असा आहे.

एडिसन, न्यू जर्सी:
'मूनस्ट्रक' (१९८७). ब्रुकलिनचं इटालियन घर, सगळी भांडणं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि आजोबांच्या मागे कुत्र्यांचा लवाजमा. नायिका शेर हिला ऑस्कर मिळालं, पण आईचं काम करणाऱ्या ऑलिंपिया डुकाकिसला जास्त बघा (तिलाही मिळालं). आई आली होती तेव्हा तिला दाखवला. इंग्रजी संवाद निम्मे सुटले असतील, पण म्हणाली, "ही माणसं आपल्यासारखीच मोठ्याने बोलतात."

नव्वदीतली:
'हम हैं राही प्यार के' (१९९३) पाठ असणाऱ्यांनी 'हाउसबोट' (१९५८) पाहावा. मूळ तिथे आहे. जुहीच्या जागी सोफिया लॉरेन, मुलं तीनच.

सध्या मिलान:
इथल्या सहकाऱ्यांनी दाखवलेला 'बेनव्हेनुती अल सूद' (२०१०). मूळ फ्रेंच चित्रपटाची ही इटालियन आवृत्ती. पोस्टाच्या साहेबाला मिलानला बदली हवी, त्यासाठी अपंग असल्याचं सोंग करतो, पकडला जातो आणि रवानगी नेपल्सच्या दक्षिणेला. निघताना बुलेटप्रूफ जाकीट! तिथे जीव रमतो, पण घरी बायकोला सांगणार कसं? शेवटी ती भेटायला निघते आणि अख्खं गाव वाईट असल्याचं नाटक करतं. नेपल्सचा एक आणि मिलानचा एक असे दोघे माझ्या दोन्ही बाजूंना बसलेले, पूर्ण वेळ माझ्या डोक्यावरून वाद. माझे बाबा बँकेत, दर बदलीला आमच्या घरी हेच रामायण. त्यामुळे मला तरी सबटायटलं फारशी लागली नाहीत.

अनामिक:
'लाइफ इज ब्युटिफुल'चा फक्त पूर्वार्ध चालेल का?

धागाकर्ती:
पूर्वार्ध चालेल. छळछावणीतल्या उत्तरार्धासाठी वेगळा धागा काढा, रुमाल घेऊन येते.

भिशी मंडळ:
'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (२०१६), पाओलो जेनोव्हेजेचा. जेवायला जमलेली मित्रमंडळी ठरवतात, सगळ्यांचे फोन टेबलावर, येईल तो मेसेज मोठ्याने वाचायचा. किती देशांनी याच्या आवृत्त्या काढल्या. हिंदीत 'खेल खेल में' (२०२४). आम्ही भिशीला पाहिला. संपल्यावर एकीने उत्साहाने सुचवलं, "आपणही खेळूया?" त्या क्षणी सगळ्यांच्या फोनची बॅटरी संपली.