मदत हवी आहे: 'इनॉक्युअस'ला आपल्याकडं काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, गावातल्या बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. काल उताऱ्यात 'इनॉक्युअस' आलं. शब्दकोशात 'निरुपद्रवी' सापडलं, फळ्यावर लिहिलं, तर मागच्या बाकावरून, "सर, निरुपद्रवी म्हंजे काय?" घ्या!

मग धामण आठवली. परवाच आमच्या सोयाबीनच्या गंजीखालून चांगली सहा फुटी निघाली. सालगडी काठी घेऊन धावला, तर बापू बांधावरूनच ओरडले, "राहू दे रे, गरीब राहती ती, उंदरं खाती." हा 'गरीब' पोरांना झटकन कळला. मारका बैल कोणता न् गरीब कोणता, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

पण पुढच्याच ओळीत गाडी अडली: 'ॲन इनॉक्युअस क्वेश्चन'. प्रश्न कसा गरीब असेल? एका पोरीनं 'निष्पाप प्रश्न' लिहिलं. मला पटेना, पण का चूक ते सांगताही येईना. 'इनोसन्ट'शी याचं काही नातं आहे का?

प्रतिसाद: नातं आहे, सर. दोन्हींचं मूळ लॅटिनमधलं 'नोकेरे', म्हणजे इजा करणे. पुढं वाटा फुटल्या. ज्याच्याकडं दोष नाही तो इनोसन्ट, ज्याच्यापासून त्रास नाही ते इनॉक्युअस. त्या प्रश्नाला सरळ 'साधा' म्हणा. लग्नाच्या पंगतीत चुलत्यानं सहज विचारावं, "सोयाबीनचे पैसे आले का?" आणि हात धुवायच्या आत दोघं भाऊ वाटणीवर यावेत, तसला प्रश्न. इंग्रजीत हा शब्द पुष्कळदा अशाच जागी येतो, आधी 'सीमिंगली' जोडून. दिसायला साधं, निस्तरायला जड. आणि स्पेलिंगात दोन एन, सी मात्र एकच. पोरं तिथंच मार्क घालवतात.

प्रतिसाद: दवाखान्याच्या रिपोर्टात मात्र 'बेनाइन' असतं, गाठीला इनॉक्युअस लिहीत नाहीत. आईच्या वेळी मी तो कागद उलटासुलटा करत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे," तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिथंही 'साधी'च.

धागाकर्ता: आभार दोघांचे. उद्या फळ्यावर 'साधा' लिहितो. धामणीपुरतं 'गरीब'च ठेवतो, नाहीतर बापू ऐकायचे नाहीत.