मदत हवी आहे: विमानाच्या पत्राला मनिलाला पोचायला सात दिवस?

टिळकवाडीकर:
बेळगावच्या कॅम्पात जुनं सामान विकणाऱ्या एकाकडे चायना क्लिपर या पॅसिफिक ओलांडून टपाल नेणाऱ्या विमानाच्या पहिल्या फेरीचं पाकीट आलंय. पुढे सॅन फ्रान्सिस्को 22 नोव्हेंबर 1935, मागे मनिला 29 नोव्हेंबर. विमान असून सात दिवस? मागचा शिक्का बनावट आहे का? उद्यापर्यंत सांगायचंय, कोल्हापूरचं गिऱ्हाईक टपून बसलंय. लवकर सांगा.

घटप्रभा:
फोटो कुठाय? तिकिटं कुठली, किती?

निपाणीकर:
सात दिवस बरोबर आहेत. मार्टिन एम-130, पाण्यावर उतरणारं विमान. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे मुक्काम करत गेलं. उडण्याचे तास साठेक, शिवाय वाटेत तारीख बदलणारी वाररेषा ओलांडताना एक दिवस गेला. बिनधास्त घ्या.

सांबरा_रोड:
आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर उतरायची काय ओ असली विमानं?

घटप्रभा:
त्यांना तळं लागतं. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची असली विमानं कराचीहून कलकत्त्याला जाताना राजसमंदला, ग्वाल्हेरला उतरायची. त्या मार्गाची पाकिटं आपल्याकडं जास्त सापडतात, मी तीच जमवतो. असो. तिकिटं किती ते सांगा आधी.

खानापूरवाले:
आमच्याकडच्या पावसात पाकिटं बुरशी धरतात. तिकीट कोमट पाण्यात सोडवून वहीत ठेवा. माझी सगळी तशीच आहेत.

निपाणीकर:
अहो नको! शिक्का तुटला की पाकिटात राहिलं काय?

टिळकवाडीकर:
भिजवायचं कुणी विचारलंय? तिकीट एकच आहे. निळं, 25 सेंटचं.

घटप्रभा:
इथंच घोळ आहे. अर्ध्या औंसाला 25 सेंट हा दर होनोलुलूपर्यंतचा. ग्वामला 50, मनिलाला 75. म्हणजे तसली तीन तिकिटं पाहिजेत. तिकिटाच्या शेजारी कागद उजेडात तिरका धरून बघा.

निपाणीकर:
एखादं चुकून कमी दरात गेलंही असेल. शिक्के बरोबर आहेत की.

टिळकवाडीकर:
आत्ता जाऊन आलो. डावीकडं दोन आयताकृती जागा आहेत, कागद तिथं फिकट आणि खरखरीत. शिक्क्याच्या नागमोडी रेघा त्या जागांच्या कडेला तुटतात आणि राहिलेल्या तिकिटावर पुन्हा दिसतात.

घटप्रभा:
म्हणजे पाकीट खरं, मनिलापर्यंत गेलेलंही आहे. दोन तिकिटं मागाहून काढलीत. त्या फेरीत लाखावर पत्रं गेली, तिन्ही तिकिटांचं पाकीट शोधलं की मिळतं. सोडा हे.

निपाणीकर:
मी असतो तर निम्म्या भावात घेतलं असतं. पहिल्या फेरीचं आहे शेवटी.

खानापूरवाले:
काढलेली ती दोन तिकिटं कुणाकडंतरी जपलेली असतील की.

घटप्रभा:
असतील, पण त्या पाकिटाचं काय झालं बघा! टिळकवाडीकर, किती सांगतोय तो?

टिळकवाडीकर:
आठ हजार. नको म्हणून सांगितलं. राजसमंदमार्गे गेलेलं पाकीट ओळखायचं कसं, ते जरा लिहा की.