१२ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या नावेत ओटा करायचाय, सल्ला हवा

भिलवडी घाट:
नमस्कार मंडळी. कृष्णेत गळाने मासे धरायला जुनी १२ फुटी नाव घेतलीय. सपाट बुडाची, रिबिटाची. पुढं उभं राहून गळ टाकता यावा म्हणून ओटा करायचाय. खाली बॅटरी, मागं छोटी इलेक्ट्रिक मोटर. सुतार म्हणतो १८ मिमी प्लाय घ्या, उंची दीड फूट. दोन रिबिटांतून पाणीही झिरपतं. कुणी असं काम केलंय का?

कुपवाड शेड:
दादा, दीड फूट अजिबात नको. सपाट बुड घाटाला स्थिर वाटतं, पण उंचावर उभा माणूस मासा ओढताना कडेला झुकला की नाव सावरायला वेळच देत नाही. ओट्याची उंची बाकांपेक्षा कमीच ठेवा. १८ मिमीची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर जाते, भिजली की आणखी. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर २ मिमी चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा. खिडकीचे सेक्शन आणू नका, पातळ असतात, पायाखाली दबतात.

रिबिटांना आर्गन वेल्डिंग मारू नका. माझाच धंदा आहे तरी सांगतो, पातळ पत्रा तापला की शेजारची रिबिटंही सैल होतात. नाव ओंडक्यांवर ठेवा, आत चार बोटं पाणी भरा आणि खालून बघा. थेंब धरेल तिथं खूण करा. मग एकानं जड लोखंड टेकवून धरायचं, दुसऱ्यानं समोरून ठोकायचं.

हरिपूर संगम:
तांबं-पितळ आत येऊ देऊ नका. माझ्या नावेत मॅटखाली एक पितळी स्क्रू पावसाळाभर पडून राहिला. उचलला तर खाली पांढरी भुकटी आणि सुई जाईल एवढं भोक. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचं औषध दिलेलं लाकूडही तसंच पत्रा खातं. स्टेनलेस बोल्ट चालतात, पण नायलॉनचं वायसर घालून. सीलंट पीयूचं (पॉलियुरेथेन) घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको.

आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर ट्रॅक्टरसारखी बॉडीला देऊ नका. दोन्ही वायरी मोटरपर्यंत वेगळ्या न्या, फ्यूज बॅटरीजवळच.

मिरजकर काका:
बाळा, बाकांच्या पोटातला फोम जागा हवी म्हणून काढू नकोस. बंद छिद्रांचा एक घनफूट फोम नाव भरली तरी साधारण २७ किलो तोलून धरतो. गादीचा स्पंज मात्र पाणी पितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं बुडाली, ते तुमच्या पलूस तालुक्यात मी काय सांगायचं. लाइफ जॅकेट अंगात हवं, ओट्याखाली नाही.

भिलवडी घाट:
काका, त्या दिवसापासून आमच्या घरात आई नदीवर जाऊ म्हणत नाही. जॅकेटं दोन आणतो.
सुताराला थांबवलंय. काल पाणी भरून बघितलं, दोन नव्हे, पाच रिबिटं गळतायत, सगळी मागच्या बाकाखालची. रविवारी भावाला घेऊन ठोकायला बसतो. कुपवाड दादा, सांगाड्याचं माप घेऊन सोमवारी तुमच्या शेडवर येऊ का?

कुपवाड शेड:
या. बॅटरीचंही माप आणा, ती मधल्या बाकाजवळ बसवू.