‘बांडगूळ’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : कोकणातल्या आमच्या आंब्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी ‘सीतेची वेणी’ फुलते. यंदा बाग साफ करायला आलेल्या गड्याने ‘हे बांडगूळ झाड खाते’ असे सांगून ती उपटून टाकली. झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला बांडगूळ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही, आणि एका शब्दाच्या सैल वापरापायी ‘सीतेची वेणी’सारख्या आमऱ्या (म्हणजे ऑर्किड) उपटल्या जातात याचे फार वाईट वाटते. आंब्याच्या फांदीला खरे बांडगूळ जिथे चिकटलेले असते तिथे हात फिरवून पाहावा. फांदी सुजल्यासारखी, गाठाळ लागते, कारण तिथे बांडगुळाची शोषक मुळे साल भेदून लाकडात उतरलेली असतात आणि झाडाने वर चढवलेले पाणी व क्षार वाटेतच ओढून घेत असतात; गाठीपुढचा शेंडा पुष्कळदा वाळलेला दिसतो. ‘सीतेच्या वेणी’ची जाड, पांढुरकी मुळे सालीला वरूनच घट्ट धरून असतात, पावसाचे पाणी टिपतात आणि हलकेच सोडवली तर खालची साल शाबूत सापडते. तिला झाडाची फक्त जागा हवी असते.

बांडगूळसुद्धा पूर्ण परजीवी नव्हे. त्याची पाने हिरवी असतात, त्यामुळे अन्न ते बरेचसे स्वतःच तयार करते, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पाने नसलेली पिवळी अमरवेल जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्याच्या अन्नावर जगते. ‘आयते खाणारा’ या अर्थाने आपण माणसाला बांडगूळ म्हणतो, तेव्हा खरे तर अमरवेलीचे वर्णन करत असतो.

या गोंधळाचे मूळ जुने आहे. अमरकोशात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका ही नावे एकाच ओळीत, समानार्थी म्हणून दिली आहेत. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. या दोन गोष्टी एक नाहीत. पुढे त्यातलेच ‘वन्दा’ हे नाव आमरींच्या एका प्रजातीला शास्त्रीय नाव म्हणून मिळाले. परिभाषेत आमरीसारख्यांना ‘अपिवनस्पती’ म्हणतात, पण त्यातल्या ‘अपि’वरून सामान्य वाचकाला काहीच बोध होत नाही. माझ्या मते ‘वृक्षरुहा’ हाच शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावा, कारण तो वाचताक्षणी कळतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बांडगुळाच्या फळातला गर इतका चिकट असतो की फुलटोच्या पक्ष्याला विष्ठेतून आलेले बी फांदीवर घासून काढावे लागते, आणि ते तिथेच रुजते. त्याच्या नळीसारख्या फुलांतला मध शिंजीर पक्षी पितात, आणि हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालते. बागायतदाराने आंब्यावरचे बांडगूळ काढावे हे रास्तच आहे, पण रानातल्या बांडगुळाला निव्वळ उपद्रव म्हणणे मला पटत नाही.

पुढची शंका : मग आंबा आणि आमरी यांच्या नात्याला ‘सहजीवन’ म्हणता येईल का? त्या शब्दात दोघांचा लाभ गृहीत आहे ना?

उत्तर : रोजच्या मराठीत तसा गोडवा त्या शब्दाला आहे, कारण तो आपण संसाराविषयी वापरतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी 1879 मध्ये ‘सिम्बायोसिस’ या मूळ संज्ञेची व्याख्या केली, ती मात्र भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र जगणे एवढीच होती आणि तिच्यात परजीवनही येत होते. त्या अर्थाने आंबा आणि बांडगूळ यांचेही सहजीवनच आहे. म्हणून लाभ दोघांचा असेल तिथे ‘परस्परोपकारक सहजीवन’ असे स्पष्ट लिहावे. गोड्या मसाल्यातले दगडफूल हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण, कारण त्यात बुरशी आणि शैवल एकत्र नांदतात. एकाचा लाभ आणि दुसऱ्याचे ना नफा ना तोटा, अशा नात्याला ‘सहभोजिता’ हा शब्द वापरतात. आमरी आंब्याच्या घरचे काहीच खात नसल्याने मला तो इथे खटकतो. ‘आश्रय’ पुरेसा आहे.

मात्र आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, आणि रानात ते रुजते ते विशिष्ट बुरशीकडून अन्न मिळाले तरच. तेव्हा जी आमरी आंब्याची नुसती वृक्षरुहा आहे, तीच कोवळ्या वयात बुरशीच्या जिवावर जगते.